अभिनय शिकावा कोठे?

गेल्या माघातील एका रविवारी माझा पुतण्या सहकुटुंब घरी आला. अमळनेरच्या बाजारात त्याची भुसार मालाची आडत आहे. सुटीचा दिवस असूनही खांद्याला दुकानाचीच पिशवी होती. तिच्यातून त्याने गुळगुळीत कागदाची एक रंगीत पुस्तिका काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "काकासा, तुम्ही सदतीस वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज वाचले. हा एक वाचा."

पुस्तिका मुंबईतील एका अभिनय प्रशिक्षण वर्गाची होती. अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, शुल्क साडेचार लाख रुपये, राहण्या-जेवण्याचा खर्च निराळा. शेवटच्या पानावर मालिकेत काम मिळवून देण्याची हमी ठळक अक्षरांत होती आणि त्या हमीच्या अटी मुंगीएवढ्या अक्षरांत. पुतण्याची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात तिने दोन वर्षे एकांकिकांतून कामे केली आणि तेव्हापासून तिने अभिनेत्री होण्याचे मनात घेतले आहे. मी ‘नाही’ म्हणावे, अशी वडिलांची अपेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मुलगी मात्र मान खाली घालून माझ्या हातातील पुस्तिकेकडे पाहत होती.

मुलीच्या आजीचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, आक्षेप शुल्काला नव्हताच. "आपल्या घरात हे चालत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. वहिनींशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. तरीही आचार्य हेमचंद्रांचे शिष्य रामचंद्रसूरी आणि गुणचंद्र यांनी बाराव्या शतकात ‘नाट्यदर्पण’ हा नाट्यशास्त्रावरील ग्रंथ लिहिला आणि रामचंद्रसूरींनी ‘नलविलास’ यांसारखी नाटकेही रचली, ही गोष्ट मी त्यांच्या कानांवर घातली. महाव्रतधारी साधूंना जर नाट्याचा अभ्यास वर्ज्य वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा? वहिनी शांतपणे म्हणाल्या, "त्यांनी लिहिले. रंग लावून उभे राहिले नाहीत." यावर मला उत्तर सुचले नाही.

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. आठाचे साठ झाले. प्रश्न वरवर साधा होता: नट होण्यासाठी नाट्यशिक्षणाची पदवी लागते का? ज्यांनी ती घेतली नाही आणि तरीही मोठे झाले, अशी नावे कोणीही चटकन सांगतो. पुतण्याने तर बोटांवर मोजून दाखविली. परंतु पदवी न घेणे आणि शिक्षण न घेणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, हे तपासावे असे मला वाटले, आणि ते तपासताना मला माझाच जुना अनुभव आठवला.

मी रंगमंचावर चढलो तो बँकेमुळे. त्या काळी बँकांच्या आंतरशाखीय आणि आंतरबँक एकांकिका स्पर्धा मोठ्या उत्साहाने होत. १९८६ साली आमच्या शाखेने एक एकांकिका बसविली. दिग्दर्शक म्हणून लाभलेले गृहस्थ एका शाळेत चित्रकला शिकवीत. माझी भूमिका अवघ्या अकरा वाक्यांची होती. त्यांनी चार संध्याकाळी मला एकही वाक्य बोलू दिले नाही. फक्त दार उघडून आत यायला लावले. पाचव्या दिवशी मी वैतागून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही आत येता तेव्हा खोलीतील माणसांकडे पाहत नाही, तुमच्या पुढच्या वाक्याकडे पाहता." ते बरोबर होते. सहाव्या दिवशी मी खोलीतील माणसांकडे पाहिले आणि माझे पहिले वाक्य आपोआप निराळ्या स्वरात निघाले. माझे नाट्यशिक्षण म्हणायचे ते एवढेच.

ते पुरेसे नव्हते, हे पुढच्याच वर्षी कळले. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत आम्ही तीन अंकी नाटक घेऊन उतरलो. मला संतापी बापाची भूमिका होती. पहिल्या अंकात मी घसा फोडून ओरडलो, टाळ्याही मिळाल्या. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर आवाज बसला. शेवटच्या रांगांतून "आवाज! आवाज!" असा पुकारा झाला आणि उरलेले नाटक मी जवळजवळ कुजबुजत संपविले. श्वास कोठून घ्यावा आणि आवाज कोठून फेकावा, हे मला कोणी शिकविलेच नव्हते. भावना होती, पाठांतर होते. पण तीन अंक पेलणारे साधनच तयार नव्हते.

तरीही त्यानंतर एका व्यावसायिक नाटकाच्या तीन महिन्यांच्या दौऱ्यासाठी मला विचारणा झाली. माझ्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला: चौथ्या महिन्यात काय? मला उत्तर देता आले नाही. मी बँकेतच राहिलो. त्याची खंत नाही असे म्हणणे खोटे होईल. मात्र वडिलांचा प्रश्न चुकीचा होता, असेही मी आजवर म्हणू शकलेलो नाही.

बँकेचा विषय निघालाच आहे, तर आमच्या व्यवसायबंधूंचा उल्लेख अभिमानाने करतो. अशोक सराफ यांनी कित्येक वर्षे स्टेट बँकेत नोकरी केली. शिवाजी साटम सेंट्रल बँकेत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. हिंदी चित्रपटातील गाजलेले खलनायक अमरीश पुरी यांची सुमारे दोन दशके कामगार विमा महामंडळाच्या कार्यालयात गेली. यांपैकी एकाकडेही नाट्यशाळेची पदविका नव्हती. पुतण्याने बोटांवर मोजलेल्या नावांत यांतील दोन नावे होतीच.

परंतु हे शिकले नाहीत असे म्हणता येईल काय? अशोक सराफ यांचे मामा गोपीनाथ सावकार हे रंगभूमीवरील जाणते नट-दिग्दर्शक. भाच्याने त्यांच्याच छायेत रंगमंचावर पाऊल टाकले. साटम आंतरबँक स्पर्धांतून घडले. पालेकर आणि पुरी हे दोघेही सत्यदेव दुबे यांच्या तालमीतील, आणि शब्दोच्चार व वाक्यातील अर्थ यांबाबत दुबे किती काटेकोर होते, हे त्यांच्या हाताखाली काम केलेले सारेच सांगतात. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम, हा क्रम या मंडळींनी वर्षानुवर्षे चालविला. महिन्याच्या पगाराने त्यांना थांबण्याची मुभा दिली. पगार हीच त्यांची शिष्यवृत्ती होती आणि संध्याकाळची तालीम हीच त्यांची शाळा.

हे आपल्या व्यापारी घरांना समजायला मुळीच जड जाऊ नये. पेढीवर बसणारा मुलगा आधी गादी झटकतो, मग रोजमेळ लिहितो, मग खतावणीला हात लावतो, आणि पुष्कळ वर्षांनी कोठे त्याला माल पाहायला पाठविले जाते. त्याला कोणी प्रमाणपत्र देत नाही, पण चुकला की मुनीमजी तिथल्या तिथे सांगतात. मी एम.कॉम. झालो. मला कोणत्याही संस्थेचा ताळेबंद वाचता येतो. परंतु तळहातावर तूर घेऊन तिच्यातील ओलावा किती, हे मला आजही सांगता येत नाही. माझे थोरले बंधू मॅट्रिकपुढे गेले नव्हते, त्यांना ते दाणा दाताखाली धरताच कळे.

मराठी रंगभूमीवर पूर्वी नेमकी हीच पद्धत होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिला प्रयोग केला, त्यानंतर नाटक मंडळ्या निघाल्या आणि त्या मंडळ्या म्हणजेच चालत्या-फिरत्या नाट्यशाळा झाल्या. मुलगा आठव्या-दहाव्या वर्षी कंपनीत यायचा, जेवणखाण कंपनीचे, सकाळी तालीम, रात्री प्रयोग. ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार म्हणून आपल्याला ठाऊक असतात, पण त्यांच्या काळात तालीम मास्तर म्हणून त्यांचा दबदबा त्याहून कमी नव्हता. बालगंधर्वांसारख्या अलौकिक गळ्याच्या नटालाही ही तालीम चुकली नाही. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत येण्यापूर्वी त्यांनी लहानपणी आपल्या जळगावात मेहबूबखाँकडे गाण्याचे धडे घेतले होते, आणि मंडळीत आल्यावर अभिनयासाठी देवलांची तालीम व गाण्यासाठी भास्करबुवा बखल्यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. ईश्वरी देणगी म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो, त्यांच्यामागे इतके गुरू उभे होते.

व्ही. शांताराम यांचे उदाहरण तर आपल्या वाचकांना विशेष वाटेल. कोल्हापूरच्या वणकुद्रे घराण्यातील हे गृहस्थ, वडील जैन. लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत राहिले, नंतर बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत शिकले. १९२९ साली सहकाऱ्यांसह त्यांनी ‘प्रभात’ काढली. ती चार वर्षांनी पुण्याला आली आणि प्रभातच्या त्याच जागेत १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था उघडली. जेथे माणसे झाडलोटीपासून शिकत शिकत दिग्दर्शक झाली, तेथेच आज प्रवेशपरीक्षा देऊन मुले जातात. या बदलाचे कारण मला या साठ दिवसांत उमगले. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पुढच्याच वर्षी प्रभातचा मराठी ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि बोलपटाच्या लाटेत एकेक नाटक मंडळी बुडत गेली. मंडळ्या गेल्या त्याबरोबर मुलगा नेऊन बसवावा अशी पेढीच राहिली नाही. १९५९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले आणि १९६२ पासून इब्राहिम अल्काझी यांनी त्याला शिस्त लावली, ती या रिकाम्या झालेल्या जागी.

हे सारे मी मुलीला ऐकविले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "दादासा, पण स्मिता पाटील?"

मला हा प्रश्न अपेक्षितच होता. तापी ओलांडली की शिरपूर, आणि स्मिता पाटील यांचे वडील शिवाजीराव पाटील हे शिरपूरचे स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री झालेले. खानदेशातील कोणत्याही मुलीला अभिनयाचे स्वप्न पडले की त्यात हा चेहरा असायचाच. स्मिता पाटील पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थिनी होत्या, असे अनेकदा छापले जाते. ते बरोबर नाही. तेथील अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका-चित्रपटात त्यांनी काम केले होते, इतकेच. नाट्यशाळेची पदवी नसताना त्यांना ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १३ डिसेंबर १९८६ रोजी त्या गेल्या, तेव्हा त्यांच्यामागे ‘मंथन’, ‘जैत रे जैत’, ‘उंबरठा’ अशी कामगिरी उभी होती. (‘मंथन’चे भांडवल गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभे केले होते. व्यापाऱ्यांच्या मासिकात ही नोंद असलीच पाहिजे.)

पण त्यांचा हिशेब आपण अर्धाच मांडतो. घर राष्ट्र सेवा दलाचे, त्यामुळे कलापथकाबरोबर गावोगाव हिंडणे बालपणीच झाले. नंतर मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देण्याचे काम. कॅमेऱ्यापुढे न अडखळता, चेहरा स्थिर ठेवून, शब्द नेमके उच्चारत बसणे हे लहानसहान शिक्षण नव्हे. त्यानंतर श्याम बेनेगल यांच्यासारखा दिग्दर्शक आणि ‘निशांत’, ‘मंथन’ यांमध्ये भोवती नसीरुद्दीन शाह, गिरीश कर्नाड, अमरीश पुरी असे सहकलाकार. ‘चक्र’साठी त्या झोपडपट्ट्यांत जाऊन तेथील बायांचे वागणे-बोलणे न्याहाळत होत्या, हेही सर्वश्रुत आहे. पदवी नव्हती. अभ्यास नव्हता, असे कसे म्हणावे?

याच संदर्भात आम्ही एका रात्री घरी महेश भट यांचा १९८२ सालचा ‘अर्थ’ पाहिला. पुतण्या, त्याची पत्नी, मुलगी, आणि चक्क वहिनीदेखील. त्यात शबाना आझमी आहेत, त्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या. रोहिणी हट्टंगडी आहेत, त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या. आणि स्मिता पाटील, कोणत्याच संस्थेच्या नव्हेत. मी आधी काही सांगितले नाही, चित्रपट संपल्यावर विचारले की या तिघींपैकी कोण शिकलेली आणि कोण न शिकलेली? पुतण्याने ठामपणे सांगितले ते चूक निघाले. त्याच्या पत्नीचेही चुकले. वहिनी म्हणाल्या, "ती घरकामाची बाई झाली आहे ना, ती खरीच घरकामाची बाई असेल. तिला कोणी शिकविले नसणार." ती रोहिणी हट्टंगडींची भूमिका होती.

तोपर्यंत मला वाटत होते की उत्तर मिळाले: शिक्षणाने फरक पडत नाही, कोठून तरी शिकले म्हणजे झाले. परंतु रोहिणीताईंच्याच दुसऱ्या दोन भूमिकांनी मला पुन्हा विचारात पाडले. ‘गांधी’ चित्रपटात त्या तरुण कस्तुरबांपासून वृद्ध कस्तुरबांपर्यंत जातात, आणि त्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार त्यांना मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८४ च्या ‘सारांश’मध्ये, मुलगा गमावलेल्या म्हाताऱ्या मराठी जोडप्यातील आई त्यांनी केली, आणि निवृत्त शिक्षक असलेला तिचा पती केला अनुपम खेर यांनी. तेही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचेच. दोघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. तिशीतील शरीराने सत्तरीचा कणा, सत्तरीचा श्वास, जिना चढताना लागणारी धाप हे सारे दोन-अडीच तास एकसारखे धरून ठेवायचे, आणि चित्रपटातील प्रसंग तर उलटसुलट क्रमाने चित्रित होतात. केवळ भावनेच्या बळावर हे होत नाही. माझा बसलेला घसा मला आठवला.

अमळनेरकरांना ‘श्यामची आई’ वेगळी सांगायला नको. साने गुरुजी आमच्या प्रताप हायस्कूलचे शिक्षक होते. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, त्यात श्याम झालेले माधव वझे हे शाळकरी पोर. कसलेही शिक्षण नाही, आणि आजही श्याम म्हटला की तोच चेहरा डोळ्यांपुढे येतो. पण त्या यशावर विसंबून ते चित्रपटांचे नट झाले नाहीत. शिकले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, आणि पुढे रंगभूमीचे जाणकार, समीक्षक, दिग्दर्शक म्हणून त्यांनी स्वतःची ओळख निर्माण केली. माझ्या मते पहिली भूमिका सहजतेवर निभते, कधीकधी तर न शिकलेल्याची ती अधिकच चांगली होते. विसावी भूमिका सहजतेवर निभत नाही. तोवर माणसाचे स्वतःचे अनुभव वापरून संपलेले असतात आणि दुसऱ्याच्या आयुष्यात शिरायची रीत ठाऊक असावी लागते. ती कोणी शाळेत शिकते, कोणी निळू फुल्यांसारखे माळीकाम करता करता सेवा दलाच्या कलापथकात, कोणी डॉ. श्रीराम लागूंसारखे कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया करीत हौशी रंगभूमीवर. लागूंनी १९६९ साली वैद्यकी सोडली आणि पुढच्या वर्षी ‘नटसम्राट’ केले, एवढेच आपल्या लक्षात राहते. त्याआधी पुण्यात भालबा केळकरांच्या संस्थेत काढलेली वर्षे कोणी मोजत नाही.

औपचारिक शाळेचा आणखी एक लाभ मला बँकवाल्याच्या नजरेतून दिसला, आणि त्याची चर्चा कमी होते. तीन वर्षे एका छताखाली राहिलेली मुले पुढे एकमेकांना कामे देतात. आज शेजारी बसलेला उद्याचा दिग्दर्शक असतो. व्यापारात आपण याला पत म्हणतो. लहान गावातून एकट्याने मुंबईला गेलेल्या मुलाकडे कौशल्य असेल, पण पत नसते, आणि ती उभी राहीपर्यंतचा काळ घरच्या पैशावर काढावा लागतो. शिकण्याच्या खर्चाचा आकडा पुस्तिकेत छापलेला असतो. थांबण्याच्या खर्चाचा आकडा कोणी छापत नाही, आणि माझ्या अंदाजाने तोच मोठा असतो. माझ्या वडिलांचा चौथ्या महिन्याचा प्रश्न तोच होता.

मग मी त्या मुंबईच्या वर्गाला दूरध्वनी केला. शिकविणारे कोण, दिवसाला किती तास, एका तुकडीत किती मुले, असे विचारले. एका तुकडीत साठ मुले. मागच्या तुकडीतील कोणाही दोघांशी बोलता येईल का, असे विचारल्यावर "कळवितो" असे उत्तर मिळाले आणि नंतर काहीच कळविले नाही. साठ मुलांच्या तुकडीत माझ्या चित्रकला शिक्षकांसारखे चार संध्याकाळी एकाला दार उघडायला कोण लावणार? हमीच्या अटी भिंगातून वाचल्या. संधी म्हणजे भूमिका नव्हे, निवड चाचणीला उभे करणे, असा त्यांचा अर्थ निघत होता. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठविला असता, आणि पुतण्याला मी तसेच सांगितले. त्याचा चेहरा उजळला.

परंतु मी तेथे थांबलो नाही, म्हणून तो थोडा काळवंडलाही. सरकारी आणि विद्यापीठीय संस्थांचे गणित अगदी निराळे आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, जागा मोजक्या, आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला शुल्काचे ओझे नाही, उलट दरमहा शिष्यवृत्ती मिळते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यविषयात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळते. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी आहे. आपल्याला त्यामानाने जवळचा म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील नाट्यविभाग. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचा अभ्यासक्रम मध्यंतरी पुष्कळ वर्षे बंद होता, तो २००४ पासून पुन्हा सुरू झाला आहे. या दारांशी गर्दी मोठी असते आणि आत प्रवेश मिळणे दुष्करच. दिल्लीला तर पदवी लागते, आणि काही नाटकांत काम केल्याचा पुरावाही लागतो. म्हणजे शाळेत शिरण्यासाठीसुद्धा आधी शाळेबाहेर शिकावे लागते.

मुलीने हे सारे वहीत लिहून घेतले. तिचा स्वर किंचित खाली आला होता. "दादासा, तुम्ही ‘हो’ म्हणत आहात की ‘नाही’?" तिने विचारले. मी म्हणालो, "साडेचार लाखांना ‘नाही’ म्हणत आहे."

वडिलांशी दोन बैठका झाल्या, त्यातील एक बरीच गरम झाली. अखेर ठरले ते असे: बी.कॉम. पूर्ण करायचे, त्यात सवलत नाही. जळगावातील एका हौशी नाट्यसंस्थेत जायचे, तेथील दिग्दर्शकांची मी स्वतः भेट घेतली आहे. वर्षभरात हाती येतील तेवढ्या नाटकांतून, पडद्यामागेही, काम करायचे. नंतर दिल्ली, पुणे आणि संभाजीनगर येथे अर्ज करायचे. प्रवेश मिळाल्यास पहिल्या तीन वर्षांचा खर्च वडील करतील, पुढच्या दोन वर्षांच्या थांबण्याचा मी, माझ्या निवृत्तिवेतनातून. आकडे कागदावर मांडून दोघांच्या सह्या घेतल्या. वहिनींनी सही केली नाही, मात्र आडही आल्या नाहीत.

सध्या ती आठवड्यातून तीन संध्याकाळी जळगावला जाते. चालू नाटकात तिच्या वाट्याला भूमिका आलेली नाही. ती प्रकाशयोजना पाहणाऱ्या मुलाच्या हाताखाली तारा गुंडाळते आणि अनुपस्थित नटीच्या जागी उभी राहून वाक्ये वाचते. पुतण्या रात्री दुकान बंद करून स्टेशनवर जातो आणि गाडी येईपर्यंत फलाटावरील बाकावर बसून असतो. परवा मीही त्याच्याबरोबर गेलो होतो. गाडी चाळीस मिनिटे उशिरा होती. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग त्याने विचारले, "काकासा, तारा गुंडाळायला किती दिवस लावतात हो?" मी म्हणालो, "तुला रोजमेळ लिहायला किती दिवसांनी मिळाला होता?" तो म्हणाला, "दीड वर्ष." एवढ्यात सिग्नल पडला.